हक्कसोडीचा वारसा : शेठ जमनालालजी बजाज

संपत्ती घरात येते तेव्हा ती एकटी येत नाही. तिच्यासोबत प्रतिष्ठा येते, सुखसोयी येतात आणि त्यांच्या पाठोपाठ हिशेबही येतो. पेढीवरच्या वहीत हिशेब असणे हा व्यापाराचा धर्मच आहे. परंतु तोच हिशेब जेव्हा माजघरात शिरतो, तेव्हा पितापुत्र, भाऊभाऊ, सासूसून यांच्यामधील जिव्हाळ्याची नाती जमाखर्चाच्या रकान्यांत मांडली जाऊ लागतात. वडिलोपार्जित इस्टेटीच्या वाटण्यांवरून एकाच उंबरठ्याच्या आतील माणसे परस्परांशी अबोला धरतात, प्रसंगी कोर्टाची पायरी चढतात, आणि मग एकमेकांच्या मंगलकार्यालाही पारखी होतात. व्यापारी समाजाला हे दुःख नवे नाही. अशा वेळी विदर्भाच्याच भूमीत, वर्ध्याच्या एका धनाढ्य घराण्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग आणि त्या प्रसंगातून आकाराला आलेले शेठ जमनालालजी बजाज यांचे जीवन स्मरणात आणणे उद्बोधक ठरेल.

जमनालालजी जन्माने जैन नव्हते. ते वैष्णव परंपरेतील अग्रवाल कुळातले होते. तथापि धनाविषयीची जी वृत्ती त्यांनी आयुष्यभर जोपासली, ती श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रताच्या इतकी निकट जाणारी आहे, की त्यांचे चरित्र कोणत्याही जैन कुटुंबाला परके वाटू नये.

दत्तकविधान

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी तत्कालीन जयपूर संस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या छोट्याशा खेड्यात झाला. पिता कनीरामजी आणि माता बिरदीबाई हे साध्या परिस्थितीतील दांपत्य होते. त्या काळी राजस्थानच्या रुक्ष भूमीतून अनेक मारवाडी कुटुंबे व्यापारानिमित्त मध्यप्रांत व वऱ्हाडात येऊन स्थिरावली होती. इकडची काळी कसदार जमीन कापूस पिकवीत होती आणि रेल्वेने तो कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्याची सोय झाली होती. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा रेल्वेचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला, तेव्हापासून खामगावच्या कापूसबाजाराची कीर्ती दूरवर पसरली. बुलढाणा जिल्ह्यातील अनेक जुन्या पेढ्यांची मुळे याच काळात रुजली. वर्ध्याचे शेठ बच्छराजजी बजाज हे याच व्यापारी परंपरेतील एक मातब्बर गृहस्थ होते. कापसाचा व्यापार आणि सावकारी यांवर त्यांनी मोठी दौलत उभी केली होती.

परंतु त्या दौलतीला वारस उरला नव्हता. पुत्र रामधनजी निवर्तले होते आणि वंशाची गादी रिकामी होती. बच्छराजजी व त्यांच्या धर्मपत्नी सद्दीबाई राजस्थानात गेले असता त्यांच्या दृष्टीस अंगणात खेळणारा बाल जमनालाल पडला. सद्दीबाईंनी कौतुकाने मूल मागितले आणि बिरदीबाईंनी, पाहुण्यांशी बोलण्याच्या रीतीप्रमाणे, ते त्यांचेच आहे असे म्हटले. सौजन्यापोटी निघालेला तो शब्द सद्दीबाईंनी मनापासून धरला. मातेच्या काळजाला तो घाव फार जड गेला. पण दिलेला शब्द मोडावयाचा नाही, अशी त्या घरची रीत होती. १८९४ च्या सुमारास, वयाच्या पाचव्या वर्षी, जमनालाल वर्ध्याच्या बजाज घराण्यात रामधनजींच्या नावे, म्हणजे बच्छराजजींचा नातू म्हणून, दत्तक आले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुत्र देण्याच्या मोबदल्यात कनीरामजींनी द्रव्य स्वीकारले नाही. गावात पाण्याची टंचाई होती, म्हणून लोकांसाठी एक विहीर बांधून द्यावी एवढीच अपेक्षा त्यांनी व्यक्त केली आणि बच्छराजजींनी ती पूर्ण केली. ज्या मुलाचे पुढील सारे आयुष्य धनाच्या प्रश्नाभोवती फिरणार होते, त्याच्या जन्मदात्याने धन नाकारून पाणी मागितले होते.

वैभवातील बालपण

वर्ध्याच्या वाड्यात कशाचीच उणीव नव्हती. शाळेचे शिक्षण मात्र अल्पच झाले. १८९६ ते १९०० अशी जेमतेम चार वर्षे ते शाळेत गेले. व्यापाऱ्याच्या मुलाला आकडेमोड आणि लिहिणे-वाचणे आले म्हणजे पुरे, अशीच त्या काळची समजूत होती. १९०२ मध्ये जावरा येथील गिरधारीलालजी जाजोदिया यांच्या कन्या जानकीदेवी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वराचे वय बारा आणि वधूचे नऊ वर्षांचे होते.

दत्तक नातवावर बच्छराजजींचे प्रेम होते, यात शंका नाही. परंतु त्यांचा स्वभाव कडक आणि काहीसा तापट होता. कष्टाने धन मिळवलेल्या माणसाला त्या धनाचा अभिमान असतो आणि घरातल्या तरुणाने त्या वैभवास शोभेल असे वागावे, ही त्याची साहजिक अपेक्षा असते. उलटपक्षी जमनालालजींचा ओढा लहानपणापासूनच साधुसंतांकडे आणि साधेपणाकडे होता. घरातून त्यांना हातखर्चासाठी रोज एक रुपया मिळे. त्यातून साठवलेले शंभर रुपये त्यांनी १९०६ मध्ये नागपुरातून निघणाऱ्या लोकमान्य टिळकांच्या केसरीच्या हिंदी आवृत्तीला दिले. पुढे लाखांनी दाने करूनही या पहिल्या शंभर रुपयांचा आनंद त्यांना सर्वांत मोठा वाटे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या पैशांमागे त्यांची स्वतःची काटकसर होती, हे त्याचे कारण असावे.

एका दागिन्याचे निमित्त

घराघरांत पैशावरून होणारे तंटे पाहिले, तर त्यांचे निमित्त बहुधा क्षुल्लक असते. १९०७ सालचा तो प्रसंगही असाच होता. एका विवाहसमारंभास जावयाचे होते. घराण्याच्या इभ्रतीला साजेसा उंची पोशाख आणि जडजवाहीर घालून नातवाने यावे, अशी बच्छराजजींची इच्छा होती. सतरा वर्षांच्या जमनालालजींना ते प्रदर्शन रुचले नाही व त्यांनी दागिने घालण्यास नकार दिला. आजोबांचा राग अनावर झाला. रागाच्या भरात जे शब्द बाहेर पडले, त्यांत आपल्या धनाची जाणीव करून देणारा सूर होता. हे सारे वैभव आपल्यामुळे लाभले आहे आणि आपल्याशी असलेले नाते त्या वैभवासाठीच आहे, असा त्या बोलण्याचा आशय तरुण मनाला झोंबला.

दत्तक आलेल्या मुलाच्या दृष्टीने याहून जिव्हारी लागणारे दुसरे काही असू शकत नाही. जन्मदात्या आईपासून दूर होऊन ज्या घराला त्याने आपले मानले, त्याच घराने त्याच्या प्रेमाची किंमत रुपयांत ठरवली होती. औरस पुत्राला कोणी असे बोलले, तर तो रुसून बसेल आणि विसरून जाईल. दत्तक पुत्राच्या मनात मात्र आपण येथे वारस म्हणून आलो की लेकरू म्हणून, हा प्रश्न उभा राहतो. दत्तकविधानाच्या शास्त्रात नाव, गोत्र, पिंड आणि दौलत यांचा विचार आहे. मुलाच्या मनाचा विचार घरच्या मंडळींनीच करावयाचा असतो.

जमनालालजींनी त्या रात्री भांडण केले नाही, कोणाकडे तक्रारही नेली नाही. त्यांनी आजोबांच्या नावे एक पत्र लिहिले. बच्छराजजींच्या संपत्तीवरील आपला सर्व हक्क आपण सोडीत आहोत, यापुढे त्यातील एका कवडीचीही अपेक्षा आपण ठेवणार नाही, त्यासाठी कधी कोर्टकचेरी करणार नाही आणि केवळ अंगावरच्या वस्त्रांनिशी घर सोडीत आहोत, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहून दिले. पत्रात कटुता नव्हती. आजोबांविषयी आदर कायम ठेवून, त्यांनी आपल्या धनाचा विनियोग सत्कार्यासाठी करावा व ईश्वरस्मरणात चित्त ठेवावे, अशीच त्यांची भावना त्यातून प्रकट झाली. पत्र मागे ठेवून ते घराबाहेर पडले.

आजच्या भाषेत बोलावयाचे तर ते एक हक्कसोडपत्रच होते. फरक एवढाच, की आज हक्कसोडपत्रे बहुधा कोणाकडून तरी मागून घेतली जातात. हे न मागता दिलेले होते.

पत्र वाचताच बच्छराजजींचा क्रोध मावळला. उभ्या आयुष्यात धनासाठी पुढे आलेले हात त्यांनी अनेक पाहिले असतील; दौलतीकडे पाठ फिरवून जाणारा वारस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी माणसे धाडून नातवाचा शोध घेतला आणि समजूत घालून त्याला परत आणले. जमनालालजी परत आले ते आजोबांसाठी, इस्टेटीसाठी नव्हे. त्यानंतर थोड्याच काळात, १९०७ मध्येच, बच्छराजजींचे निधन झाले आणि ज्या संपत्तीवर पाणी सोडले होते तीच सतरा-अठरा वर्षांच्या त्या तरुणाकडे चालत आली.

मालकीकडून विश्वस्तपणाकडे

कायद्याच्या दृष्टीने ते आता सर्व दौलतीचे धनी होते. परंतु एकदा सोडलेली वस्तू पुन्हा आपली कशी मानावी, हा त्यांच्या मनापुढील पेच होता. त्यातून त्यांनी काढलेला मार्ग असा, की व्यापार सोडावयाचा नाही, पेढी मोडावयाची नाही, नोकरमाणसांना उघड्यावर टाकावयाचे नाही. मात्र या धनाचे आपण मालक नसून राखणदार आहोत, असे समजून वागावयाचे. पुढे महात्मा गांधींनी विश्वस्तवृत्तीचा जो विचार मांडला, त्याची बीजे या तरुणाच्या मनात गांधीजींची भेट होण्यापूर्वीच पडली होती.

व्यापारात त्यांनी सचोटी हा नियम केला. रुईच्या गाठी वजनदार करण्यासाठी पाणी मारणे यासारखे प्रकार त्या काळी बाजारात सर्रास चालत; आपल्या कारभारात असे काही घडू नये याबद्दल त्यांचा कटाक्ष असे. व्यवसाय घटला नाही, उलट वाढला. १९२६ साली त्यांनी बजाज उद्योगसमूहाचा पाया घातला आणि १९३१ मध्ये उत्तर भारतातील गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना उभा राहिला. दुसरीकडे वर्ध्यात शिक्षण मंडळाच्या रूपाने त्यांनी शिक्षणाचे कार्य १९१४ पासूनच सुरू केले होते. स्वतःला चार इयत्तांपलीकडे शिकता आले नाही, ही खंत त्यांनी इतरांच्या मुलांसाठी शाळा काढून भरून काढली.

स्वेच्छेचे दत्तकविधान

१९१५ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले आणि जमनालालजी त्यांच्या सहवासात येऊ लागले. उपदेश आणि आचरण यांत अंतर नसलेला पुरुष ते शोधीत होते. तो त्यांना येथे गवसला. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या स्वागत समितीचे अध्यक्षपद जमनालालजींकडे होते. त्याच काळात त्यांनी गांधीजींकडे एक विलक्षण मागणी केली. आपणास त्यांनी पाचवा पुत्र म्हणून स्वीकारावे, अशी ती मागणी होती. गांधीजींना चार पुत्र होते. एकतीस वर्षांचा लक्षाधीश आपण होऊन पुत्र होऊ इच्छितो, याचे त्यांनाही आश्चर्य वाटले. पण त्यांनी ती मागणी मान्य केली आणि अखेरपर्यंत ते नाते निभावले.

जमनालालजींच्या आयुष्यात अशी दोन दत्तकविधाने झाली. पहिले मोठ्यांनी ठरवले, त्यात दौलत मिळाली आणि तिच्यामुळेच नात्याला तडा जाण्याची वेळ आली. दुसरे त्यांनी स्वतः मागून घेतले. त्यात मिळण्यासारखे काहीच नव्हते, द्यावयाचे मात्र सर्वस्व होते. आणि त्या नात्यात द्रव्याचा काटा कधी सलला नाही.

ब्रिटिश सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी परत केली. असहकाराच्या चळवळीत वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. काँग्रेसच्या कोषाध्यक्षपदाची जबाबदारी त्यांनी दीर्घकाळ सांभाळली. १९२१ मध्ये त्यांच्या आग्रहाने विनोबाजी वर्ध्यास आले व तेथे आश्रम सुरू झाला. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला. जुलै १९२८ मध्ये बजाज घराण्याचे वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. समाजातील अनेकांचा रोष त्यांनी शांतपणे सोसला. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी ज्या सेगावात राहावयास गेले आणि जे पुढे सेवाग्राम या नावाने जगप्रसिद्ध झाले, तेथील जमीनही जमनालालजींचीच होती.

घरातील माणसे

घरचा कर्ता पुरुष त्यागाच्या मार्गाने निघाला, म्हणजे घरातील सर्वांना ते सहज मानवते असे नाही. भोग जसा घर फोडू शकतो, तसा एकट्याने लादलेला त्यागही फोडू शकतो. जमनालालजींना याची जाण होती. जानकीदेवी सनातनी संस्कारांत वाढलेल्या, पडदा पाळणाऱ्या, अंगावर सोने वागवणाऱ्या. पतीची इच्छा पत्राने कळल्यावर त्यांनी सुवर्णालंकार उतरवले, पडदा सोडला, विलायती वस्त्रे अग्नीच्या स्वाधीन केली. हे सारे त्यांना सोपे गेले नाही. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना सोडताना मनाशी झगडावे लागल्याचे त्यांनी स्वतःच्या आठवणींत प्रांजळपणे नमूद केले आहे. परंतु पतिपत्नींमध्ये पत्रव्यवहार, चर्चा आणि धीर या मार्गांनी एकवाक्यता होत गेली व पुढे त्या खादी, विहिरी आणि गोसेवा यांच्या कार्यात स्वतंत्रपणे उभ्या राहिल्या. १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले.

कन्या कमला हिचा विवाह १९२६ साली साबरमतीच्या आश्रमात अत्यंत साधेपणाने झाला. ज्या घरात एका विवाहाला दागिने घालून जाण्यावरून एवढे वादळ उठले होते, त्याच घरातील कन्येच्या विवाहात दागिन्यांचा दिमाख नव्हता. कमलनयन, मदालसा, उमा, रामकृष्ण या अपत्यांनाही आश्रमीय वातावरणात, श्रम आणि साधेपणाच्या शिस्तीत वाढवले गेले. मुलांसाठी धन मागे ठेवण्यापेक्षा धनाशिवाय ताठ उभे राहण्याचे सामर्थ्य त्यांना द्यावे, असा त्यामागील विचार होता.

अखेरची वाट

१९४१ नंतर जमनालालजींनी राजकारणातून मन काढून गोसेवेला वाहून घेतले. वर्ध्याजवळच्या गोपुरीत ते एका साध्या झोपडीत राहू लागले. ज्याच्या बंगल्यात देशभरातील पुढाऱ्यांचा राबता असे, त्याने स्वतःसाठी गवताचे छप्पर निवडले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे आकस्मिक निधन झाले. वय अवघे बावन्न वर्षांचे होते.

कर्त्या पुरुषाचे निधन हा वारसाहक्काच्या तंट्यांना तोंड फुटण्याचा क्षण असतो. बजाज घराण्यात त्या क्षणी निराळेच घडले. जानकीदेवींनी आपल्या वाट्याची स्वतःची मालमत्ता गोसेवेच्या कार्याला अर्पण केली. गांधीजींनी जमनालालजींच्या स्नेह्यांना वर्ध्यात एकत्र बोलावून त्यांच्या कार्याची वाटणी केली. कोणी गोसेवा, कोणी खादी, कोणी शिक्षण, असा एकेक भार वाटून घेतला. या वाटणीत प्रत्येकाच्या हाती इस्टेटीऐवजी जबाबदारी आली.

चिंतन

जमनालालजींसारखा त्याग प्रत्येकाला साधेल असे नाही आणि तसा कोणाचा आग्रहही असू नये. गृहस्थाने न्यायाने धन मिळवावे, कुटुंबाचे पोषण करावे आणि मर्यादा घालून घ्यावी, एवढेच श्रावकधर्म सांगतो. तथापि त्यांच्या चरित्रातून काही गोष्टी सर्वसामान्य कुटुंबालाही घेता येतील.

पहिली अशी, की घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना, सुनांना अगर दत्तकपुत्राला धनाचा टोमणा कधी देऊ नये. बच्छराजजी दुष्ट नव्हते, प्रेमळच होते. परंतु एका तापलेल्या वाक्याने वर्षांच्या मायेवर बोळा फिरण्याची वेळ आली. त्यांचा मोठेपणा असा, की चूक कळताच वडीलपणाचा मान आड येऊ न देता त्यांनी नातवाला परत बोलावले. बहुतेक घरांतील अबोला हे दुसरे पाऊल न उचलल्यामुळेच पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

दुसरी अशी, की त्याग स्वतःच्या हक्काचा करावयाचा असतो, दुसऱ्याच्या नव्हे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याची तरतूद जैन समाजालाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित संपत्तीत कन्येला पुत्राइतकाच हक्क मिळाला आहे. तरीही रक्षाबंधनाला ओवाळणाऱ्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी, हे गृहीत धरले जाते आणि तिने विचारणा केली तर माहेर तुटते. जमनालालजींचे पत्र थोर ठरले, कारण ते स्वेच्छेचे होते. भिडेने घेतलेल्या सहीला त्यागाचे पुण्य लाभत नाही. ते घेणाऱ्याच्या खात्यावर ऋण म्हणूनच राहते.

तिसरी अशी, की वाटणी करावयाचीच असेल तर ती कर्त्या माणसाने हयातीत, सर्वांसमक्ष आणि स्वच्छ मनाने करून द्यावी. पेढीवर दिवाळीला नवी वही घालताना जुनी बाकी तपासून पुढे ओढली जाते. नात्यांच्या वहीतही वर्षातून एकदा, पर्युषणाच्या अखेरीस, क्षमापनेचा दिवस येतो. त्या दिवशी दूरच्या परिचितांना क्षमापत्रे धाडली जातात. पण ज्या भावाशी भिंतीवरून वैर आहे, त्याचेच दार नेमके वगळले जाते. ते एक दार ठोठावले गेले, तर अनेक घरांचे जुने खाते बेबाक होईल.

वर्ध्याच्या त्या सतरा वर्षांच्या तरुणाने एका रात्री सर्व काही सोडले आणि त्याच्या मोबदल्यात त्याला आजोबांचे प्रेम परत मिळाले. दौलत त्यामागून आपोआप आली आणि आल्या वाटेने लोककल्याणात वाहून गेली. त्यांच्यामागे राहिलेला खरा वारसा हाच आहे, आणि तो घेण्यासाठी कोणत्याही कोर्टाच्या दाखल्याची गरज नाही.